पाडून जपलेले गाव

विल्यम्सबर्ग (व्हर्जिनिया) : २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे अडीचशेवे वर्ष. या स्वातंत्र्याच्या गोष्टीतले बोस्टन आणि फिलाडेल्फिया आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. बोस्टनच्या बंदरात चहाची खोकी फेकली गेली, हे इतिहासाच्या पेपरात आपण सगळ्यांनीच लिहिले आहे. पण फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडा, अशी सूचना आपल्या प्रतिनिधींना देणारा व्हर्जिनियाचा ठराव १५ मे १७७६ रोजी मंजूर झाला तो इथे, विल्यम्सबर्गमध्ये. तेव्हा हे गाव व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होते. आज गावाचा सुमारे ३०० एकरांचा मध्यभाग ‘कलोनियल विल्यम्सबर्ग’ नावाचे उघड्यावरचे संग्रहालय आहे. वॉशिंग्टनच्या आसपास राहणारी मराठी मंडळी पुण्या-मुंबईहून आलेल्या आई-बाबांना हमखास इथे आणतात. आई-बाबा घोडागाडीचे फोटो काढतात आणि ‘किती छान जपलंय हो यांनी!’ म्हणत परततात. जपले आहे, हे खरेच. पण हे जपणे कसे घडले, ती गोष्ट घोडागाडीतून दिसत नाही.

ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट हा गावचा राजरस्ता ९९ फूट रुंद आणि जवळजवळ मैलभर लांब आहे. एका टोकाला १६९३ साली सनद मिळालेले विल्यम अँड मेरी कॉलेज, दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल म्हणजे विधिमंडळाची इमारत. दिवसा रस्त्यावर मोटारींना बंदी असते आणि विजेच्या तारा जमिनीखाली गाडलेल्या आहेत. दुतर्फा लाकडी फळ्यांची घरे, खाणावळी, टोप करणाऱ्याचे, चांभाराचे आणि औषधवाल्याचे दुकान. रस्त्यावर कोणीही फुकट फिरावे. इमारतीत शिरायचे तर तिकीट. काही जुन्या घरांत हे संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे कर्मचारी भाड्याने राहतात. तेव्हा एखाद्या दाराशी रेंगाळण्याआधी ते प्रदर्शनाचे आहे की कोणाच्या संसाराचे, हे पाहून घ्यावे.

मला इथे सर्वांत आवडते ती वीटभट्टी. उन्हाळ्यात खड्ड्यात चिखल कालवलेला असतो आणि तो तुडवायला येणाऱ्याजाणाऱ्यांना बोलावतात. पोरे बूट-मोजे फेकून त्यात उतरतात, मागोमाग त्यांचे बापही. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. तुडवलेल्या गाऱ्याचा गोळा लाकडी साच्यात आपटायचा, वरचा जादा गारा काढायचा, साचा उलटा करून ओली वीट मोकळी करायची आणि ओळीने वाळत घालायची. शरद ऋतूत त्याच विटांची भट्टी रचून लाकडे पेटवतात आणि काही दिवस रात्रंदिवस जाळ राखतात. या विटा शोभेच्या नव्हेत, गावातल्या बांधकामाला आणि डागडुजीला त्या वापरल्या जातात. लोहार, पिंपे बांधणारे, बंदुका घडवणारे यांचेही तसेच. वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावाचून इथे कोणी कारागीर ठरत नाही. त्या काळचा पोशाख घातलेल्या या माणसांना ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. त्यातले काही जण बोलतातही १७७५ सालातल्यासारखे.

आता थोडा इतिहास. इंग्रजांनी १६०७ मध्ये जवळच जेम्सटाउन वसवले. तिथले विधिमंडळ १६९८ मध्ये जळाले आणि पुढच्या वर्षी राजधानी इकडे, उंचावरच्या निरोगी जागी आली. राजा तिसऱ्या विल्यमचे नाव गावाला मिळाले. आगीचा धसका इतका, की पहिले कॅपिटॉल धुराड्यांशिवायच बांधले. थंडी आणि दमट हवेने कागद खराब व्हायला लागले तेव्हा १७२३ च्या सुमाराला धुराडी बसवली. १७४७ मध्ये तेही जळाले. त्याच जागी दुसरे कॅपिटॉल उभे राहिले. पॅट्रिक हेन्रीने १७६५ मध्ये स्टॅम्प कायद्याविरुद्ध ठराव मांडले ते या दुसऱ्यात, आणि १७७६ चा ठरावही इथलाच. १७८० मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत आणि जेफरसन गव्हर्नर असताना, राजधानी रिचमंडला गेली आणि विल्यम्सबर्गचे महत्त्व संपले.

पुढच्या वर्षी इथून वीसेक किलोमीटरवर यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कोलकात्यात उतरला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपापल्या फौजा घेऊन त्याच्या बाजूने लढले. अमेरिकेत बुडालेली पत त्याने आपल्याकडे सावरली. यॉर्कटाउनचे जखमी सैनिक विल्यम्सबर्गला गव्हर्नरच्या वाड्यात आणून ठेवले होते. डिसेंबर १७८१ मध्ये तो वाडाही जळाला. १९३० मध्ये वाड्याच्या बागेत खणताना १५६ सांगाडे सापडले, त्यांतले दोन स्त्रियांचे.

राजधानी गेल्यावर गाव जगले ते कॉलेजवर आणि मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळावर. १७७३ मध्ये सुरू झालेले हे इस्पितळ त्या वेळच्या ब्रिटिश अमेरिकेतले आपल्या प्रकारचे पहिले. नवे बांधायला पैसा नव्हता, म्हणून बरेच जुने पाडलेच गेले नाही. गरिबीने जे राखले ते मोटारीने धोक्यात आणले. १९२० च्या दशकात राजरस्त्यावर पेट्रोलपंप, पत्र्याची शेड आणि तारांचे खांब आले होते.

डब्ल्यू. ए. आर. गुडविन हे इथल्या ब्रूटन चर्चचे पाद्री. मोठे चिकट गृहस्थ. मोटारींनी गावाचा नास केला, तेव्हा मोटारवाल्यांनीच तो भरून द्यावा, असा युक्तिवाद करून त्यांनी आधी फोर्ड घराण्याला गळ घातली. तिथे डाळ शिजली नाही. मग त्यांनी तेलाच्या पैशाकडे मोर्चा वळवला आणि जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) गळाला लागले. रॉकफेलरांची अट एकच, नाव फुटता कामा नये. नाव कळले तर जागांचे भाव आकाशाला भिडणार. डिसेंबर १९२६ मध्ये पहिले घर घेण्याची परवानगी तारेने आली. तारेत घराचा उल्लेख ‘पुराणवस्तू’ असा आणि खाली सही ‘डेव्हिडचे वडील’. पुढे दीड वर्ष पाद्रीबुवा घरामागून घर घेत राहिले आणि एवढा पैसा यांना कोण देते, यावर गावात पैजा लागत राहिल्या. काही म्हाताऱ्या मालकांनी घर विकले ते हयातभर त्यातच राहण्याच्या बोलीवर.

१२ जून १९२८ च्या गावसभेत गुडविन यांनी नाव जाहीर केले. गावच्या मालकीच्या जागा या कामाला द्यायच्या का, असा प्रश्न होता. बहुसंख्य राजी होते. मेजर फ्रीमन नावाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने उभे राहून विरोध केला. पैसा येईल, पण गाव आपले राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

मग पाडापाडी सुरू झाली. अठराव्या शतकातल्या ८० हून अधिक इमारती उभ्या होत्या; त्या दुरुस्त झाल्या. नंतरच्या काळातल्या सातशेहून अधिक इमारती पाडल्या किंवा हलवल्या. एकोणिसाव्या शतकातले गाव जवळजवळ पुसले गेले. जे जुने नाहीसे झाले होते ते मूळ पायांवर नव्याने उभारले. पुरावे जमवण्यात मात्र कसूर नव्हती. १७८२ च्या सुमाराला कोणा फ्रेंचाने काढलेल्या नकाशात घर न् घर दाखवलेले होते. वाड्याचा आराखडा जेफरसनच्या हातचा मिळाला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १७४० च्या सुमाराची तांब्याची एक कोरीव पाटी सापडली. तिच्यावर वाडा, कॉलेज आणि पहिले कॅपिटॉल स्वच्छ दिसत होते.

आणि इथेच पुराव्याने इतिहासावर मात केली. पहिल्या कॅपिटॉलचे चित्र मिळाले, ते दिसायलाही जास्त देखणे, म्हणून तेच बांधायचे ठरले. म्हणजे आज गाइड जिथे पॅट्रिक हेन्रीची गोष्ट सांगतो, ती इमारत हेन्रीने भाषण केलेली नव्हे. तिच्या आधीची, १७४७ मध्ये जळालेली. जागा खरी, ठराव खरा, भिंती मात्र दुसऱ्याच काळातल्या. बागांचेही तेच. इतक्या रेखीव, फुललेल्या बागा अठराव्या शतकापेक्षा १९३० च्या दशकातल्या हौसेचे दर्शन जास्त घडवतात.

वाडा आणि कॅपिटॉल १९३४ मध्ये खुले झाले. अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः आले होते. मंदीत खचलेल्या आणि पुढे शीतयुद्धात गुंतलेल्या देशाला हे गाव देशभक्तीची शाळा म्हणून भावले. या शाळेत वॉशिंग्टन, जेफरसन, हेन्री होते. त्यांची जेवणे रांधणारे, घोडे सांभाळणारे, तंबाखू पिकवणारे नव्हते. असले तर ‘नोकर’ म्हणून. क्रांतीच्या उंबरठ्यावर या गावची वस्ती दोन हजारांच्या आत होती आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते, बहुतेक सगळे गुलाम. शिवाय जीर्णोद्धारात मध्यवस्तीतली कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबे बाहेर गेली. म्हणजे एकदा ती कथेतून गेली आणि एकदा प्रत्यक्ष रस्त्यावरून.

१९७९ मध्ये संस्थेने गुलामांची भूमिका करणारे कृष्णवर्णीय इंटरप्रिटर पहिल्यांदा नेमले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी एका खाणावळीच्या दारात गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. तो बसवणाऱ्या विभागप्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय, आणि विकल्या जाणाऱ्या गुलामांपैकी एकीची भूमिकाही त्यांनी केली. आमच्या यातनांचा तमाशा करू नका, म्हणत नागरी हक्क संघटनांचे लोक निषेधाला आले होते. प्रयोग बघून त्यांच्यातल्या एका नेत्याने आपले मत बदलले.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट नॅसाऊ स्ट्रीटवरची आहे. गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांनी १७७६ मध्ये आपली मंडळी जमवली, तिलाच पुढे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च हे नाव मिळाले. खाणावळीत राबणारा गुलाम गोवन पॅम्फ्लेट हा तिचा सुरुवातीचा धर्मोपदेशक. या मंडळींचे १८५६ मधले विटांचे चर्च याच रस्त्यावर होते. १९५० च्या दशकात संस्थेने ते विकत घेतले आणि पाडले. कारण सरळ होते: १८५६ मधली इमारत, काळात बसत नाही. पुढे त्या जागेवर डांबर ओतून पार्किंग केले. देशाच्या जन्मवर्षीच जमलेली मंडळी, पण तिची इमारत उशिराची, म्हणून देशाच्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्या संग्रहालयात तिला जागा नव्हती. २०२० मध्ये, चर्चच्या वंशजांच्या आग्रहावरून, डांबर काढून उत्खनन सुरू झाले. १८५६ च्या आधीच्या चर्चचा पाया हाती लागला आणि ६० हून अधिक कबरी. त्यांतल्या काहींचे अवशेष तपासावेत, असे वंशजांनी ठरवले आणि ते आफ्रिकी वंशाच्या माणसांचे असल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट झाले.

जवळच ब्रे स्कूल आहे. १७६० मध्ये लंडनच्या एका अँग्लिकन धर्मादाय संस्थेने कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेली शाळा. ॲन वेजर नावाची विधवा तिथे १७७४ पर्यंत शिकवत होती. शिक्षणाचा हेतू मुक्तीचा नव्हता. मुलांनी ख्रिस्ती व्हावे आणि आपली पायरी ओळखून राहावे, एवढाच. पण अक्षर एकदा शिकवले की ते कुठे थांबेल हे मालकाच्या हाती राहत नाही. ही इमारत कॉलेजच्या आवारात कचेरी म्हणून वापरात होती आणि ती काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. २०२० मध्ये लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून झाडे १७५९-६० च्या हिवाळ्यात तोडली असल्याचे सिद्ध झाले आणि २०२३ मध्ये अख्खी इमारत ट्रेलरवर चढवून इकडे आणली.

इथे येणाऱ्यांची कुरकुर दोन्ही बाजूंनी असते. काहींना वाटते, सुट्टीत सहकुटुंब आलो तर गुलामगिरीचे इतके पुराण कशाला? काहींना वाटते, अजूनही वाड्यातले झुंबर दाखवण्यातच जास्त वेळ जातो. संस्था खासगी आहे. तिकिटे, हॉटेले आणि देणग्या यांवर चालते. त्यामुळे दोघांनाही दुखवून चालत नाही. अमेरिकेत वारसा जपण्याचे मोठे काम सरकारी खात्याऐवजी असे देणगीदाराच्या थैलीवर उभे राहते, हे आपल्याकडच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. थैली ज्याची, त्याची आवडनिवड भिंतींत उतरते. पण थैली सरकारी असती तर आवडनिवड नसती, असेही नाही.

काय जुने आणि काय नुसतेच मागाहूनचे, याचा निकाल पिढीगणिक फिरतो. राजरस्त्याच्या कॉलेजकडच्या टोकाला मर्चंट्स स्क्वेअर नावाचा बाजार आहे. जीर्णोद्धारात मध्यवस्तीतून उठवलेल्या दुकानांसाठी १९३० च्या सुमाराला तो मुद्दाम जुन्या धाटणीत बांधला. वसाहतकाळाशी त्याचा संबंध फक्त नक्कल करण्याइतका. आता हा बाजारच अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत चढला आहे. १८५६ चे चर्च पाडणाऱ्यांच्या हिशेबात तो फार उशिराचा ठरला असता.