परसातलं बांबूचं बेट: लावायचं कोणतं, तोडायचं कसं

पावसाळा तोंडावर आला की गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो, "ताई, परसात बांबू लावला तर तो पसरून घराखाली शिरणार नाही ना?" आज त्याबद्दलच बोलू.

बांबूच्या दोन तऱ्हा असतात. काहींचा कंद जमिनीखाली लांब धावतो आणि भलतीकडेच कोंब काढतो. आपल्याकडचे माणगा, मानवेल, कळक मात्र बेटाने वाढतात. त्यांचा कंद आखूड असतो, नवा कोंब जुन्या काठीच्या जवळच येतो. बेट दरवर्षी थोडं रुंदावतं, पण पळत नाही. तरी घर, विहीर आणि शेजारणीची हद्द यांपासून 15 फूट सोडून लावा. बेट कित्येक वर्षं उभं राहतं. हद्दीवर लावलं तर भांडणही तितकंच टिकतं.

निवडताना आपला पाऊस आणि आपली गरज बघा. कोकणात आणि कोल्हापूरच्या पावसाळी भागात माणगा चांगला. त्याला काटे नाहीत, बेट सुटसुटीत, काठी सरळ आणि बरीचशी भरीव. मांडवाला, कुंपणाला, वेलांच्या आधाराला तो उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या भागात मानवेल कमी पाण्यावर तगतो. कळक जाड आणि उंच, पण काटेरी. मुलं-गुरं वावरतात अशा परसात तो नको.

माणग्याचं रोप कंदापासून किंवा काठीच्या तुकड्यांपासून करतात. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यात खणून ठेवा. पावसाला सुरुवात झाली की शेणखत-माती भरून रोप लावा. पाणी साचेल अशी जागा टाळा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, बुडाशी पाचोळा टाका आणि दरवर्षी पावसाआधी माती चढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तोडणी. कोंब जमिनीतून निघतो तो पुऱ्या जाडीचाच. दोन-तीन महिन्यांत तो उंची गाठतो. पुढे तो वाढत नाही, आतून पक्का होतो, आणि त्याला तीन वर्षं लागतात. म्हणून तीन वर्षांपुढची काठीच तोडायची. एक-दोन वर्षांच्या काठ्या राखायच्या, कारण पुढचे कोंब त्यांच्याच बुडाशी येतात. ओळखायला सोपं म्हणून दरवर्षीच्या नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा ओढा.

पावसाळ्यात कोयता लावू नका, तेव्हा कोंब कोवळे असतात. दिवाळीनंतर तोडा. नवे कोंब जिथे जास्त, त्याच्या उलट बाजूने बेटात शिरा आणि मधल्या जुन्या काठ्या काढा. जमिनीवरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या, तर कीड कमी लागते.

व्यापारी उक्तं बेट मागतो. एकरकमी पैसे देतो आणि कोवळ्या-जुन्या सगळ्या काठ्या नेतो. मग बेट खंगतं आणि पुढची काही वर्षं हाती बारीक काठ्या येतात. म्हणून बेट विकू नका, काठ्या मोजून विका. कोणत्या तोडायच्या ते रंग बघून आपण सांगायचं, तोडताना समोर उभं राहायचं.

परवान्याचं कारण पुढे करून कोणी भाव पाडत असेल, तर हेही माहीत असू द्या. 2017 साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. परसातला बांबू तोडायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही.

आणि एक विनंती. किती काठ्या निघाल्या, किती घरी वापरल्या, किती विकल्या, पैसे कोणाच्या हातात आले, हे गटाच्या वहीत लिहा. जमीन आपल्या नावावर नसली, तरी कष्टाचा हिशेब आपल्या अक्षरात असू द्या.