फोटोत भाव खातो तो भलताच!

मॅरेथॉन जिंकणाऱ्याला पदक मिळतं. फोटो मात्र बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी पळवतो. शंभराहून अधिक वर्षं हेच चाललंय.

१९०८ सालचं लंडन ऑलिंपिक घ्या. इटलीतल्या मिठाईच्या दुकानात कामाला असलेला दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला आणि चक्क उलट्या दिशेने निघाला! पंचांनी वळवला, तर पडला. उठला, पुन्हा पडला. शेवटचे साडेतीनशे मीटर कापायला त्याला दहाएक मिनिटं लागली. अखेर अधिकाऱ्यांनीच धरून त्याला रेषेपार नेलं. त्या क्षणाचा फोटो जगभर गेला: छातीवर १९ नंबर, गुडघ्यांतलं त्राण गेलेलं, शेजारी भलामोठा भोंगा घेतलेले गृहस्थ. मदत घेतली म्हणून पिएत्री बाद झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला खास चषक दिला. बिचाऱ्या हेजचा फोटो आठवतोय कोणाला?

या फोटोची एक लोणकढी थापही आहे. पिएत्रीला हात देणाऱ्यांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आहेत, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. डॉयलसाहेब स्टेडियममध्ये होते, हे खरं. पण ते वर प्रेक्षकांत बसून वर्तमानपत्रासाठी बातमी लिहीत होते.

ट्रक पुढे, भांडण मागे

१९६७ ची बॉस्टन मॅरेथॉन. तेव्हा या शर्यतीत बायकांना प्रवेश नव्हता. कॅथरीन स्विट्झरने अर्जावर नुसतं ‘के. व्ही. स्विट्झर’ लिहिलं आणि २६१ नंबर मिळवला. वाटेत जॉक सेंपल नावाचे तापट अधिकारी तिचा नंबर ओरबाडायला धावले. तिच्यासोबत धावत होता तिचा मित्र. तो हातोडाफेक करणारा गडी; त्याने खांद्याचा असा धक्का दिला की सेंपल थेट रस्त्याकडेला. आणि हे सगळं घडलं कुठे, तर पत्रकार-फोटोग्राफरांच्या गाडीसमोर! कॅमेऱ्यांना आयतंच सापडलं. फोटो टिपणाऱ्यांत हॅरी ट्रास्क होते. ‘आंद्रेआ दोरिया’ हे बुडतं जहाज टिपल्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये पुलित्झर मिळालं होतं. त्यामुळे कुठे बटण दाबायचं ते त्यांना कळत होतंच.

त्या वर्षी शर्यत जिंकली न्यूझीलंडच्या डेव्ह मॅकेन्झीने. त्याचा फोटो शोधायला संग्रहच धुंडाळावा लागेल. १९७३ मध्ये त्याच शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर सेंपलनी स्विट्झरच्या गालाची पापी घेतली, त्याचाही फोटो आहे. पण भांडणाइतकी समेटाची चलती नसते. स्विट्झर २०१७ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तोच २६१ नंबर लावून पुन्हा धावल्या.

बाटली कोणाची?

मॅरेथॉनबाहेरही फोटो गाजतात. १९५२ ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत. फोटोत इटलीचे सायकलपटू फाउस्तो कोप्पी आणि जीनो बार्ताली एकामागोमाग घाट चढतायत आणि दोघांच्या हातांत मिळून एकच बाटली आहे. कोण देतोय, कोण घेतोय? फोटोवरून ठरवताच येत नाही. इटलीत दोघांचे कट्टर चाहते होते, त्यामुळे वाद आजही मिटलेला नाही.

फोटोत नाही, म्हणजे...

१९८० मध्ये बॉस्टनला रोझी रुईझ बायकांत पहिली आली. फारसा घाम नाही, दमछाक नाही. वाटेतले फोटो तपासले, तर बाई कुठेच नाहीत! शेवटच्या मैलाभरात ती गर्दीतून अलगद शर्यतीत घुसली होती. त्यातच एका छायाचित्रकार बाईने सांगितलं, की आधीच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या दिवशी रोझी आपल्याला भुयारी रेल्वेत भेटली होती. मग पदक कॅनडाच्या जॅकलिन गारोला मिळालं.

मला सर्वांत आवडलेला

२०१८ मध्ये आल्प्स पर्वतातल्या १७० किलोमीटरच्या यूटीएमबी शर्यतीत फ्रेंच छायाचित्रकार अलेक्सी बर्ग यांनी कूरमायूरच्या थांब्यावर हा फोटो घेतला. ब्रिटनची सोफी पॉवर बाळाला पाजतेय. बाळ तीन महिन्यांचं. दुसऱ्या बाजूला पंप लावून दूध काढणंही चालूच. आणि शेजारी एक पुरुष स्पर्धक जमिनीवर साफ आडवा! हा आडवा बुवा नसता, तर फोटो निम्माच राहिला असता, असं माझं मत. पॉवर यांची मागे एकदा मिळालेली जागा गरोदरपणामुळे हुकली होती. दुखापत झाली तर प्रवेश पुढे ढकलता यायचा, बाळ होणार असेल तर नाही. फोटो गाजला, बोंब झाली आणि पुढे यूटीएमबीला नियम बदलावा लागला.

बर्ग यांनी अमेरिकेतल्या बार्कली मॅरेथॉनवर पुस्तकही केलंय. ही साठ तासांची शर्यत तोवर जेमतेम पंधरा जणांनी पूर्ण केली होती; बर्ग त्या लोकांना शोधत फिरले. २०२४ मध्ये ही शर्यत पुरी करणारी पहिली बाई ठरली जास्मिन पॅरिस. वेळ संपायला ९९ सेकंद उरले होते. शर्यतीच्या शेवटच्या फाटकाला हात लावला आणि तिथेच कोसळली. साहजिकच, गाजला तोच फोटो!

इथे मात्र फोटोच पंच

२०२५, टोकियो, जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली पुरुषांची मॅरेथॉन. टांझानियाचा अल्फोन्स सिंबू आणि जर्मनीचा अमनाल पेत्रोस, दोघांचीही वेळ २ तास ९ मिनिटं ४८ सेकंद. फरक ०.०३ सेकंदाचा. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या शंभर मीटरमध्ये पहिल्या-दुसऱ्यात यापेक्षा जास्त अंतर होतं!

असा निकाल देणारा कॅमेरा विचित्र असतो. त्याला दिसते फक्त अंतिम रेषा, एका चिंचोळ्या फटीतून. तो सेकंदाला हजारो पट्ट्या टिपतो आणि शेजारी शेजारी चिकटवतो. म्हणजे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. म्हणून पाय भलतेच लांबुळके दिसतात आणि सायकलींची चाकं अंड्यासारखी.

आता आपलं

मुंबई मॅरेथॉन झाली की लोक आपला बिब, म्हणजे छातीवरचा नंबर टाकून फोटो शोधत बसतात. जॅकेटखाली नंबर झाकला असेल, तर तासभर सी-लिंकवरच्या परक्या माणसांचे चेहरे बघा. दोन्ही पाय हवेत असलेला फोटो निघाला, की स्वारी खूश. खरं तर धावताना पावलोपावली आपण क्षणभर हवेतच असतो. पण सगळ्यात वाया जातो तो शेवटच्या रेषेवरचा. माणूस चार-पाच तास धावून येतो आणि नेमका कॅमेऱ्यासमोर मान खाली घालून मनगटावरचं घड्याळ बंद करतो! बिबवरची चिप वेळ मोजत असते, तरीही. फोटोत उरतो टोपीचा शेंडा. आणि तोही आम्ही पैसे मोजून विकत घेतो.