शिक्का सहीचा, जबाबदारी आपली

पूर्वी पेढीची हुंडी सहीवर चालत असे. सही ओळखणारा आडत्या परगावीही असे. आज आपल्या समाजातील तरुण व्यापार-नोकरीनिमित्त दुबई, सिंगापूर, टोरांटो येथे सहकुटुंब जातात. तेथील अधिकाऱ्याला मात्र आपल्या गावच्या जन्म-मृत्यू निबंधकाची सही कशी ओळखू यावी? म्हणून मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘अपोस्टिल’ मागितले जाते.

ही पद्धत ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने ठरविली. भारतात ती २००५ पासून लागू आहे, तर कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. दाखला प्रथम राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावा. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय त्यावर क्रमांक असलेले अपोस्टिल लावते. मंत्रालयाने नेमलेल्या संस्था हे अर्ज स्वीकारतात. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. म्हणून दुबईसाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर अमिरातीच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. अपोस्टिल केवळ सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का खरा असल्याचे सांगते; दाखल्यातील मजकुराची हमी देत नाही. चुकीच्या दाखल्यावर अपोस्टिल लागले, तरी चूक चूकच राहते.

आपल्या घरांत ती बहुधा नावातच असते. रुग्णालय जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत कळविते. नामकरण नंतर होते आणि नावाचा रकाना कोराच राहतो. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. कुठे दाखल्यात वडिलांचे आडनाव ‘शहा’ आणि पारपत्रात ‘जैन’. कुठे आईचे नाव माहेरचे. अशी दुरुस्ती १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मूळ निबंधकाकडेच होते. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दाखला आणि पारपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

घाईच्या वेळी ‘तारीख जुळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थही भेटतो. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, गणली आहे, हे श्रावकाने तेव्हा विसरू नये. बाळाच्या आयुष्यातील हा पहिला कागद. शाळा, पारपत्र, वारसा यांचे पुढचे सारे कागद त्याच्याच आधारे उभे राहतात. तो उशिरा हाती आला तरी चालेल, खोटा नसावा.