बेने इस्राएल कीर्तन
महाराष्ट्रातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचा, ज्यू धर्मग्रंथांतील कथांवर आधारलेला मराठी कीर्तनप्रकार. या समाजाची जुनी वस्ती रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीत होती. तेलघाणा चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना तेथे ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे तेथील गावांवरून पडली.

प्रार्थनेची भाषा हिब्रू, तर घरची मराठी. त्यामुळे धर्मकथा सर्वांना समजाव्यात, या हेतूने १८८० च्या सुमारास मुंबईतील काही बेने इस्राएलांनी नारदीय कीर्तनाची पद्धती स्वीकारली. या पद्धतीत कीर्तनकार पदे गाऊन त्यांचे निरूपण करतो व साथीदार ध्रुवपद उचलतात; तंबोऱ्यासारख्या तंतुवाद्याचा सूर आणि तालवाद्याचा ठेका त्यांना आधार देतात. साकी, दिंडी, ओवी इ. छंदांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे रचली गेली. देवदेवतांऐवजी एकाच निराकार ईश्वराचे स्तवन, हा यातील मूलभूत फरक होय.

इझ्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. तेथील नव्या पिढ्यांत मराठी मागे पडल्याने श्रोतृवर्ग ओसरला व ही परंपरा क्षीण झाली. पुढे मुख्यत्वे स्त्रियांच्या गायकवृंदांनी ती काही अंशी जपली.