युद्धकाळातील नेतृत्व : भाषण आणि निर्णय यांचा परस्परसंबंध
(यशवंतराव चव्हाण व लालबहादूर शास्त्री यांच्या विशेष संदर्भात, १९६२ ते १९६६)

प्रस्तावना :

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक सुशिक्षित व्यक्तीने कधी ना कधी ऐकलेले असते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, त्या घटनेचे हे लोकप्रिय वर्णन होय. मात्र या घटनेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षण खात्याची सूत्रे स्वीकारली, तेव्हा चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केलेली होती. म्हणजेच सह्याद्री हिमालयाजवळ पोहोचला तेव्हा लढाई थांबली होती. मग त्याने मदत केली ती नेमकी कोणती ? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेल्यास युद्धकाळातील नेतृत्वाचे खरे स्वरूप लक्षात येते.

युद्धप्रसंगी राष्ट्र एकसंध करण्यासाठी नेत्याजवळ दोन साधने असतात. एक भाषण आणि दुसरे निर्णय. राज्यशास्त्राच्या अध्यापनात या दोहोंचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. भाषणे वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचली जातात, तर निर्णय इतिहासातील घटना म्हणून. प्रस्तुत लेखात या दोहोंमधील संबंध १९६२ ते १९६६ या कालखंडाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनात्मक विवेचन :

युद्धकाळातील भाषण तीन कार्ये करते. ते संकटाचा अर्थ सांगते, जनतेकडे त्यागाची मागणी करते आणि त्या त्यागाच्या बदल्यात काहीतरी वचन देते. यांपैकी तिसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत दुर्लक्षित आहे. वचन दिले की नेता ऋणी होतो. ते ऋण फेडण्याचे साधन म्हणजे निर्णय. भाषण ही हुंडी मानली तर निर्णय हा तिचा भरणा होय. भरणा न झालेली हुंडी पुढच्या वेळी बाजारात कोणी स्वीकारत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मे १९४० मध्ये पंतप्रधान झाल्यावर विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटपुढील आपल्या पहिल्या भाषणात सुलभ विजयाचे आश्वासन दिले नाही. पुढे दीर्घ यातना आहेत असेच सांगितले. त्या यातना सर्वांच्या वाट्याला येणार याचा पुरावा नागरिकांना शिधावाटपातून मिळत होता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासूनच अन्नाचे नियंत्रित वाटप सुरू झाले होते. शब्दांना शिधापत्रिकेचा आधार होता, म्हणून ते शब्द टिकले.

१९६२ : शब्द आणि सामर्थ्य यांतील अंतर :

१२ ऑक्टोबर १९६२ रोजी श्रीलंकेच्या दौऱ्यावर निघताना पंडित नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला देण्यात आल्या आहेत. त्या वेळी ईशान्य सीमेवरील जवानांजवळ पुरेसे उबदार कपडे नव्हते, रस्ते नव्हते आणि शस्त्रास्त्रेही जुनी होती. २० ऑक्टोबरला चीनने लडाख व नेफा या दोन्ही आघाड्यांवर मोठे आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकावून लावण्याचा निर्धार ठरावाद्वारे व्यक्त केला. त्यानंतर आठवडाभराच्या आतच सेला व बोमडिला ही ठाणी पडली.

बोमडिला पडल्यानंतर नेहरूंनी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात आसामच्या जनतेविषयी सहवेदना प्रकट केली. नेहरूंचा हेतू धीर देण्याचा होता. परंतु आसाममधील अनेकांना तो निरोपाचा सूर वाटला आणि ही सल तेथे पुढे अनेक दशके टिकून राहिली. भाषणाचा अर्थ वक्त्याच्या हेतूवर ठरत नाही. ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर कोणते निर्णय दिसत आहेत त्यावर तो ठरतो, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

याच काळात सामान्य जनतेने मात्र आपला वाटा उचलण्यात कसूर केली नाही. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरील दागिने काढून दिले. लोकांनी त्यागाची मागणी मान्य केली होती. उणीव होती ती मागणी करणाऱ्या व्यवस्थेत.

विश्वासाची पुनर्बांधणी : यशवंतरावांचे कार्य :

या पार्श्वभूमीवर प्रास्ताविकात उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. यशवंतरावांनी जिंकायची होती ती लढाई सीमेवरची नव्हती. सैन्याचा सरकारवरील आणि जनतेचा सैन्यावरील विश्वास परत मिळवणे, हे त्यांचे काम होते. कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात तीव्र बेबनाव निर्माण झाला होता. नव्या मंत्र्याने सेनाप्रमुखांचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत रूढ केली. पाच वर्षांची संरक्षण योजना आखण्यात आली. तीत सव्वाआठ लाखांचे भूदल, पर्वतीय युद्धासाठी खास डिव्हिजन आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनचे हवाई दल ही उद्दिष्टे निश्चित झाली.

या काळातील यशवंतरावांचे सर्वांत उल्लेखनीय भाषण कोणत्याही जाहीर सभेतील नाही. नेफामधील पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेपुढे ठेवले. प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनानायकांची पात्रता या बाबींचा आढावा घेताना त्यांनी उणिवा मान्य केल्या. मूळ अहवाल प्रसिद्ध झाला नाही, ही त्या निवेदनाची मर्यादा नमूद केली पाहिजे. तरीही पराभवानंतर मंत्र्याने संसदेत उभे राहून दोष सांगणे, ही लोकशाहीत राष्ट्र उभे करण्याचीच एक पद्धत होय. खोट्या धीरापेक्षा खरा हिशेब अधिक बळ देतो.

१९६५ : शब्दाच्या पाठोपाठ निर्णय :

१५ ऑगस्ट १९६५ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बळाला बळानेच उत्तर दिले जाईल, असा इशारा दिला. शास्त्रीजींची शरीरयष्टी लहान, आवाज मृदू. त्या इशाऱ्याचे गांभीर्य पाकिस्तानी राज्यकर्त्यांना तेव्हा जाणवले नसावे.

१ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब विभागात रणगाड्यांसह हल्ला चढवला. त्या दिवशी दुपारी लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी व हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी मागितली. १९६२ मध्ये आक्रमणासाठी हवाई दल वापरण्यात आले नव्हते. यशवंतरावांनी काही मिनिटांतच परवानगी दिली आणि सायंकाळी विमानांनी पठाणकोटहून उड्डाण केले. या निर्णयाची किंमतही त्याच दिवशी मोजावी लागली. ‘व्हॅम्पायर’ जातीची चार जुनी विमाने गमवावी लागली. निर्णय घेणाऱ्याला परिणामाची खात्री नसते, जबाबदारी मात्र निश्चित असते, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. लाल किल्ल्यावरील शब्द तीन आठवड्यांत खरा ठरला. २३ सप्टेंबरला युद्धबंदी अमलात आली.

याच कालावधीत देश दुष्काळाला तोंड देत होता आणि अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हावर अवलंबून होता. शास्त्रीजींनी जनतेला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. हे आवाहन करण्यापूर्वी त्यांनी तो प्रयोग स्वतःच्या घरी करून पाहिला होता. अनेक हॉटेले सोमवारी सायंकाळी बंद राहू लागली. शासकीय निवासस्थानाच्या हिरवळीवर त्यांनी धान्य पेरले. ऑक्टोबर १९६५ मध्ये अलाहाबाद जिल्ह्यातील उरुवा येथील सभेत त्यांनी ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली. चार शब्दांच्या या घोषणेचे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. तिने जवान आणि शेतकरी यांना एकाच पंक्तीत बसवले. बंदूक हाती न घेतलेल्या कोट्यवधी लोकांना युद्धप्रयत्नात मानाचे स्थान मिळाले.

महाराष्ट्रातील प्रतिसाद :

या घोषणेचा भरणा ज्या राज्यांत निर्णयांच्या रूपाने झाला त्यांत महाराष्ट्राचा समावेश होतो. पुसदजवळील गहुली येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी पुणे येथील जाहीर सभेत सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. हे विधान नाट्यमय वाटते. परंतु त्यामागे कामाची दिशा होती. १९६४ मध्ये प्रसारित झालेले संकरित ज्वारीचे सी.एस.एच. १ हे बियाणे, विहिरी, खते आणि विस्तारसेवा यांवर शासनाने भर दिला. १९६८ मध्ये राहुरी येथे व १९६९ मध्ये अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आपला बुलढाणा जिल्हा अकोल्याच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. खामगाव तालुक्यातील आपल्या परिसरात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीचेच नाव बनला, त्याचे मूळ या काळात आहे.

अर्थात १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी महाराष्ट्राला खावी लागली. स्वयंपूर्णतेचे वचन पावसाच्या भरवशावर पूर्ण होत नाही, सिंचनाचे दीर्घ काम त्यासाठी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

युद्धकालीन नेतृत्वाच्या मर्यादा :

राष्ट्रीय ऐक्याच्या वातावरणात घेतलेले सर्वच निर्णय न्याय्य असतात असे नाही. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेलेही अनेक होते. लढाई महिनाभर चालली, आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत कायम राहिली. जानेवारी १९६३ मधील सुवर्ण नियंत्रण नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यावर बंदी घातली आणि असंख्य सुवर्णकार कुटुंबांचा व्यवसाय एका रात्रीत बसला. ज्या स्त्रियांनी सोने दिले त्यांनी ते स्वेच्छेने दिले होते. सुवर्णकारांना मात्र कोणी विचारले नव्हते. त्याग आणि सक्ती यांतील ही सीमारेषा भाषणांच्या गजरात पुसट होते.

दुसरी मर्यादा युद्धसमाप्तीच्या वेळी प्रकट होते. युद्धासाठी उंचावलेली जनभावना तहाच्या वेळी नेत्याच्याच मार्गात उभी राहते. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. देशात नाराजी पसरली. केंद्रीय मंत्री महावीर त्यागी यांनी राजीनामा दिला. करारानंतर काही तासांतच शास्त्रीजींचे निधन झाले. त्यामुळे हा निर्णय जनतेला समजावून सांगणारे भाषण करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. शांततेलाही भाषणाची गरज असते, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

वर्तमान संदर्भ :

फेब्रुवारी २०१९ मधील पुलवामा हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्यातील दोन जवानांना वीरमरण आले. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत दूरदर्शन वाहिन्या व भ्रमणध्वनीवरून अनेक असत्य वार्ता वेगाने पसरल्या. आपल्या महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी पहाटे रस्त्यावर धावून सैन्यभरतीची तयारी करतात. त्यांच्यासाठी युद्ध हा परीक्षेतील प्रश्न नाही. म्हणून युद्धकाळातील भाषण कसे ऐकावे, हे त्यांना शिकविणे ही अध्यापकाची जबाबदारी ठरते. भाषणाने मन भरून येणे स्वाभाविक आहे. त्यापुढे जाऊन काही प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे. वक्ता सत्य सांगत आहे काय ? तो स्वतः त्यागात सहभागी आहे काय ? भार सर्वांवर सारखा पडत आहे काय ? आणि प्रसंग सरल्यावर हिशेब दिला जाणार आहे काय ?

निष्कर्ष :

१. युद्धकाळातील भाषण हे मूलतः वचन असते. त्याची विश्वासार्हता निर्णयावर अवलंबून असते.

२. १९६२ मध्ये शब्द सामर्थ्याच्या पुढे गेले आणि विश्वास ढासळला. १९६५ मध्ये शब्दापाठोपाठ निर्णय आल्याने राष्ट्र एकवटले.

३. नेत्याने मागितलेला त्याग त्याने स्वतः आधी केलेला असल्यास आवाहनाला नैतिक बळ लाभते.

४. पराभवाची जाहीर कबुली राष्ट्राला दुबळे करत नाही. पुढील सिद्धतेचा पाया तीच घालते.

५. युद्धकालीन निर्णयांचा भार कोणावर पडतो, याचे परीक्षण युद्धानंतरही चालू राहिले पाहिजे.

सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. तो अभिमान रास्त आहे. परंतु यशवंतरावांचे मोठेपण त्या एका धावेत जितके आहे, त्याहून अधिक ते तेथे पोहोचल्यानंतरच्या चार वर्षांच्या अबोल परिश्रमात आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी काही मिनिटांत दिलेली ती परवानगी याच परिश्रमाचे फळ होती.