बीकॉमला ‘टाकलं’? मग आधी स्वतःचं खातं तपासा!

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. बस स्टँडवर, लग्नात, किराणा दुकानात, कुठंही. “मग, आता काय करून राहिला?” आणि तुमच्या आधी घरचं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं, “काही नाही, बीकॉमला टाकलं.”

‘टाकलं’ हा शब्द नीट ऐका. मेडिकलला ‘नंबर लागतो’, इंजिनिअरिंगला ‘अ‍ॅडमिशन मिळते’ आणि बीकॉमला ‘टाकतात’. जसं काही गाठोडं आहे, ठेवायला जागा नव्हती म्हणून तिकडे टाकलं. गंमत म्हणजे काही दिवसांनी आपणही तसंच वागायला लागतो. फॉर्म भरला, आयकार्ड घेतलं, आता परीक्षेच्या तोंडावर बघू.

मित्रांनो, हे ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ आता महागात पडू शकतं. तुमच्या दादा-ताईने जे बीकॉम केलं, ते आणि तुम्ही करताय ते, यात फक्त नाव सारखं राहिलंय. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांमध्ये नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी सुरू झाली. वर्धा जिल्ह्यातली कॉमर्सची कॉलेजेस राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, नवीन हिशोब सगळ्यांना लागू आहे. आणि हिशोबच समजला नाही, तर कॉमर्सला जाऊन उपयोग काय?

नाव नीट वाचा

सुरुवात प्रवेशापासून करू. साध्या बीकॉमसाठी सीईटी नाही. बारावी पास पाहिजे, आणि ती कॉमर्समधूनच पाहिजे असंही नाही. आर्ट्स किंवा सायन्सवाल्यांनाही येता येतं. फक्त अकाउंट्स अकरावी-बारावीत झालेलं नसेल, तर पहिले दोन महिने ‘डेबिट-क्रेडिट’ डोक्यावरून जाईल याची तयारी ठेवा. त्या दोन महिन्यांत शेजारच्या कॉमर्सवाल्याची वही मागायला लाजू नका.

बीबीएचं तसं नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. त्यामुळे “निकाल लागल्यावर पाहू” म्हणणाऱ्यांची गाडी सुटू शकते, कारण सीईटीचा अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो.

तिसरं नाव आपल्या भागाचं लाडकं, बीसीसीए. पुण्या-मुंबईच्या मित्राला सांगितलं तर तो “म्हणजे बीसीए ना?” असं विचारतो. नाही. हे नागपूर विद्यापीठाचं कॉमर्स आणि कॉम्प्युटर एकत्र असलेलं शिक्षण. पुढे त्याचं अधिकृत नाव ‘बीकॉम (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन)’ झालं, तोंडात मात्र बीसीसीएच राहिलं.

नावाचा एवढा कीस का काढायचा? कारण नोकरीच्या जाहिरातीत, एमसीएच्या नियमांत, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पदवीचं छापील नाव बघतात. राज्यात काही कॉलेजांनी तर बीएमएससारखे अभ्यासक्रम बीकॉमच्या छत्राखाली वेगळ्या नावाने सुरू केले. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर एक प्रश्न नक्की विचारा, “सर, डिग्रीवर नेमकं काय छापून येणार?”

क्रेडिट म्हणजे मार्क नव्हे

आता मुख्य गोष्ट. पूर्वी विषय पास झाला की झालं. आता प्रत्येक विषयाला क्रेडिट आहे. वर्गात शिकवायचा विषय असेल तर एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले, तर सहा सेमिस्टरचे १३२. तीन वर्षांच्या पदवीसाठी राज्याच्या आराखड्यात १२० ते १३२ क्रेडिट सांगितलेत.

हे सगळे क्रेडिट अकाउंट्स, कॉस्टिंग आणि इन्कम टॅक्सचे नसतात. मुख्य विषय म्हणजे मेजर, त्याच्या जोडीला मायनर, शिवाय कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम यांनाही जागा आहे. म्हणजे गॅदरिंगच्या नाटकात काम करणं हे आता फक्त ‘टाइमपास’ म्हणून खपवता येणार नाही, आणि घरी रागावलेही जाणार नाही!

यात एक नियम कॉमर्सवाल्यांसाठी फार कामाचा आहे. ओपन इलेक्टिव्ह हा विषय आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेचा घ्यायचा. कॉमर्सच्या मुलीला मानसशास्त्र किंवा पत्रकारितेचा पेपर घेता येऊ शकतो. पण छोट्या कॉलेजात प्राध्यापकच मोजके, तर यादीही छोटी. तिथं बहुतेक जण ‘सगळे घेतात तोच’ विषय घेतात. त्याला एक वाट आहे. ‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन कोर्स असतात आणि यूजीसीच्या नियमानुसार सेमिस्टरमधल्या एका कार्यक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. अट एकच, आधी कॉलेजची मंजुरी घ्या. कोर्स आधी करून नंतर “सर, हे जोडा ना” म्हणाल, तर बहुधा नाहीच होणार.

हे क्रेडिट जमा होतात अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. २०२१ मध्ये सुरू झालेली ही बँक, पासबुक मोबाइलवर, डिजिलॉकरमध्ये. बँकेत पगार जमा झाला की नाही हे आपण दिवसातून तीनदा बघू, पण हे खातं किती जणांनी उघडून पाहिलंय? इथं अडकतं ते साध्या गोष्टीत. आधारवर नाव एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. हे पहिल्याच वर्षी दुरुस्त करा. तिसऱ्या वर्षी मार्कशीट हातात हवी असताना सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

मधेच सोडावं लागलं तर?

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात बोलायलाच हवी. समुद्रपूर, कारंजा, आष्टीकडून रोज एसटीने येणारी कितीतरी मुलंमुली आपल्या वर्गात असतात. एक वर्ष कापसाचं बिघडलं, घरात कुणी आजारी पडलं, बहिणीचं लग्न निघालं की सगळ्यात आधी कॉलेज सुटतं. मुलगी असेल तर तिचं स्वतःचं लग्न ठरतं. पूर्वी अशा वेळी हातात काय राहायचं? एक-दोन मार्कशीट आणि ‘शिक्षण अर्धवट’ हा शिक्का.

नव्या रचनेत बाहेर पडायला दार ठेवलंय. पहिलं वर्ष पूर्ण करून ४० ते ४४ क्रेडिट असतील तर प्रमाणपत्र. दोन वर्षं आणि ८० ते ८८ क्रेडिट असतील तर पदविका. पण इथंच मोठी मेख आहे. नुसती परीक्षा पास होऊन दार उघडत नाही. बाहेर पडताना वरचे ४ क्रेडिट लागतात, कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे. ते केले नाहीत आणि कॉलेजला येणं बंद केलं, तर प्रमाणपत्रही नाही. म्हणून सोडायची वेळ आलीच, तर गुपचूप घरी बसू नका. कॉलेजला जाऊन ‘एक्झिट’ घ्यायची आहे असं सांगा, ते ४ क्रेडिट कसे होतील ते विचारा आणि मगच निघा.

परत यायचं असेल तर? यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. म्हणजे दार उघडं आहे, पण कायमचं नाही.

आणि एक गोष्ट स्वच्छ सांगते. प्रमाणपत्र म्हणजे पदवी नाही. एमपीएससीची राज्यसेवा घ्या किंवा बँकेतल्या क्लार्कची परीक्षा, तिथं ‘पदवीधर’ लागतो. सीएचंही तसंच. फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला जायचं असेल तर कॉमर्सची पदवी आणि ५५ टक्के गुण लागतात. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांना हीच अट ६० टक्क्यांची आहे. म्हणजे आपल्या ‘टाकलेल्या’ डिग्रीला तिथं ५ टक्क्यांची सूट आहे बरं का! तेव्हा “एक वर्षात सर्टिफिकेट मिळतं, पुरे झालं” असं कुणी घरी म्हणत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

तीन वर्षं की चार?

तीन वर्षांनी पदवी मिळतेच. चौथं वर्ष केलं आणि १६० ते १७६ क्रेडिट झाले तर ‘ऑनर्स’. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. तीन वर्षांनंतर एमकॉम केलं तर दोन वर्षं, चार वर्षांनंतर एक वर्ष. बेरीज दोन्हीकडे पाचच. प्राध्यापकी किंवा संशोधन डोक्यात असेल तर चौथ्या वर्षाचा विचार करा. नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा करायची असेल तर तीन वर्षांत मोकळं होणं परवडतं. पण आपल्या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, हे आजच विचारा. नसेल तर रोजचं अप-डाऊन किंवा रूम भाड्याने घेणं आलं, आणि हा खर्च घरच्यांना आधी सांगितलेला बरा.

१२० तास कुठे घालवणार?

राज्याच्या आराखड्यात सहाव्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. इंटर्नशिपचं एक क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे झाले १२० तास. यातून सुटायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायचा. सही मिळेल, क्रेडिटही मिळेल, पण मुलाखतीत “तिथं काय केलं?” विचारल्यावर घसा कोरडा पडेल.

आणि खरं सांगायचं तर कॉमर्स शिकायला आपला जिल्हा काही कमी नाही. हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या हंगामात एक दिवस उभे राहा. काटा कसा होतो, अडत, हमाली, हिशोबपट्टी कशी बनते ते बघा. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेताना ५ टक्के जीएसटी विकणारा नाही, तर नोंदणीकृत घेणारा भरतो. पुस्तकात याला ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात आणि पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरतो. जिनिंगच्या ऑफिसात खरेदीचं एक बिल टॅलीत टाकून बघा, जन्मात विसरणार नाही. पतसंस्थेचं ऑडिट, कर सल्लागाराकडची रिटर्नची धावपळ, आईच्या बचत गटाची वही, हे सगळं कॉमर्सच आहे.

वर्ध्याला तर याची परंपराच आहे. जमनालाल बजाज यांच्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये इथं गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढलं. त्याचे प्राचार्य राहिलेल्या श्रीमन्नारायण यांनी १९४४ मध्ये देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी ‘गांधीयन प्लॅन’ मांडला, त्याला प्रस्तावना खुद्द गांधीजींची. त्याच वर्ध्यातल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहायचे. लंडनमध्ये अकाउंटन्सी शिकलेला, अमेरिकेत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस इथं येऊन घाणीचं तेल, हातकागद, गूळ, मधमाश्या यांचा हिशोब मांडत बसला. १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय अजूनही तिथं आहे. आपल्यापैकी किती जण शाळेच्या सहलीनंतर पुन्हा तिथं गेलेत?

कुमारप्पांच्या हातातली विद्या तीच होती, जी आपल्या हातात आहे. जमा, खर्च, शिल्लक. फरक एवढाच की त्यांनी ती कुणाच्या कामी आणायची हे ठरवलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, “काय करून राहिला?” तर ‘टाकलं’ म्हणू नका. “बीकॉम घेतलं” म्हणा. आणि घरी जाऊन आधी डिजिलॉकर उघडा.

हे एवढं कराच

• क्रेडिट बँकेचा आयडी पहिल्याच सेमिस्टरला काढा. आधार आणि मार्कशीटवरचं नाव, जन्मतारीख जुळवून घ्या.

• प्रत्येक हिवाळी आणि उन्हाळी निकालानंतर क्रेडिट जमा झाले का ते बघा. नसतील तर लगेच कॉलेजला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

• सीबीएसई किंवा दुसऱ्या बोर्डाचे असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट वेळेत जमा करा.

• शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला सुट्टीतच काढून ठेवा.

• ओपन इलेक्टिव्ह निवडण्याआधी पूर्ण यादी मागा. मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेऊ नका.

• कॉलेज सोडायची वेळ आलीच, तर एक्झिटचे ४ क्रेडिट आणि परत येण्याची मुदत विचारल्याशिवाय निघू नका.