विश्लेषण : छोट्याशा चुंबकापायी वाहन कारखाना का अडतो?

ठाण्यातील कोलशेतच्या उंच इमारतींमधील गिअरलेस लिफ्ट, वाहनतळावरची ई-स्कूटर, कानातला इअरफोन या साऱ्यांत बहुधा एक समान घटक असतो. तो म्हणजे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपासून बनणारा चिरचुंबक. २०२५ मध्ये त्याची चीनमधून होणारी आवक रोडावली आणि त्याची झळ पुण्यातील वाहननिर्मितीला बसली.

हा चुंबक वेगळा कसा?

निओडिमियम, लोह व बोरॉनचा हा चुंबक १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी विकसित झाला. तेवढ्याच आकाराच्या फेराइट चुंबकापेक्षा त्याची चुंबकीय ऊर्जा सुमारे दहापट असते. त्यामुळे मोटार लहान आणि हलकी करता येते. मात्र साध्या प्रतीचा चुंबक ८० अंश सेल्सिअसपुढे कमजोर पडू लागतो. म्हणून वाहनांसाठीच्या चुंबकात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. समेरियम-कोबाल्ट चुंबक याहून अधिक उष्णता सोसतो. तो संरक्षण व अवकाश क्षेत्रात वापरला जातो.

पुण्याला फटका का?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियमसह सात मूलद्रव्ये व त्यांच्या चुंबकांसाठी निर्यात परवाना सक्तीचा केला. वाहनाच्या किमतीत चुंबकाचा वाटा नगण्य, पण त्याविना मोटारच बनत नाही. ऑगस्टमध्ये ई-वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, अशी भीती बजाज ऑटोने जाहीरपणे व्यक्त केली होती.

भारतात घोडे कुठे अडते?

केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट आहे. त्यातून निओडिमियम मिळते. डिस्प्रोसियम मात्र फारच थोडे. खरी उणीव आहे ती पुढच्या टप्प्यांची. ऑक्साइडपासून धातू व मिश्रधातू करणे, त्याची काही मायक्रॉनची भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबणे आणि ती हजार अंशांच्या आसपास निर्वात भट्टीत भाजणे, हे काम देशात मोठ्या प्रमाणावर होत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या सरकारी ‘आयआरईएल’चा विशाखापट्टणमचा प्रकल्प समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा असून त्याची वार्षिक क्षमता जेमतेम ३ टन आहे.

पुढे काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबकनिर्मितीची क्षमता उभारणे हे तिचे उद्दिष्ट आहे. उभारणीसाठी दोन वर्षांचा अवधी गृहीत आहे. तोवर पर्याय आहेत ते फेराइट मोटारींचे आणि भंगारातून चुंबक परत मिळवण्याचे. पण फेराइट वापरायचे, तर तेवढ्याच ताकदीसाठी मोटार मोठी आणि जड होते.